साधेपणाचा भार कुणाच्या डोक्यावर?

(तृतीय वर्ष, कला)

'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने प्राथमिक शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. निबंधाच्या शेवटी ते लिहिले की दोन गुण हमखास पडतात आणि वक्तृत्वस्पर्धेत उच्चारले की टाळी पडते. परंतु हे वाक्य भिंतीवरून उतरून घराच्या उंबरठ्याच्या आत यावे, मोरीपाशी, चुलीपाशी, धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभे राहावे, असे आपण सहसा होऊ देत नाही. कारण तेथे गेले की ते एक अडचणीचा प्रश्न विचारू लागते. राहणी साधी करायची हे ठरले. पण ती साधी ठेवण्यासाठी लागणारे कष्ट कोणी करायचे? या एकाच प्रश्नाचा विचार मला या लेखात करावयाचा आहे.

मी पवन मावळातल्या तिकोणा पेठेची. कामशेतहून पवनानगरला आले आणि धरणाच्या कडेने पुढे गेले की तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी आमचे गाव लागते. या किल्ल्याला वितंडगड असेही नाव आहे. 1665 साली पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हाही होता. समोर तुंग, पलीकडे लोहगड आणि विसापूर, आणि मध्ये पवना धरणाचे पाणी. पर्यटकाला हे दृश्य मोठे रमणीय वाटते आणि ते आहेही. परंतु त्या पाण्याखाली काय आहे हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. त्याखाली भाताची खाचरे आहेत, घरांची जोती आहेत, देवळे आहेत. बाराशेंहून अधिक खातेदारांच्या जमिनी या धरणासाठी गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षे उलटल्यावरही रेंगाळत राहिला.

धरण पुरे झाले 1972 साली. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. त्याच वर्षी जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाचा विचार करण्यासाठी जगातील राष्ट्रे प्रथमच एकत्र जमली आणि तेथे इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि प्रदूषण यांचा संबंध जगापुढे मांडला. 'लिमिट्स टु ग्रोथ' हा वाढीच्या मर्यादा सांगणारा ग्रंथही त्याच वर्षी निघाला. म्हणजे जग जेव्हा 'आता पुरे' असे म्हणायला शिकू लागले होते, तेव्हाच आमच्या खोऱ्यातली जमीन शहराची तहान भागवण्यासाठी पाण्याखाली जात होती. साडेआठ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या धरणातून पाणी नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि त्यावर पिंपरी-चिंचवडची लाखो घरे चालतात. शहरातल्या मोरीत वाहून जाणाऱ्या प्रत्येक बादलीचा एक पत्ता आमच्याकडे आहे, हे मी अभिमानाने किंवा रागाने सांगत नाही. साधी राहणी ही एका कुटुंबाची खासगी आवड नसते, तिचे धागे दुसऱ्याच्या शेतापर्यंत गेलेले असतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता साध्या राहणीकडे वळू. अलीकडे पर्यावरणावरचे कोणतेही भाषण ऐकले तर त्यात 'आपल्या आज्या-पणज्या किती निसर्गाला धरून जगत होत्या' असा एक परिच्छेद असतोच. त्यात खोटे काही नाही. माझ्या आजीच्या संसारात वाया जाणारी वस्तू शोधूनही सापडली नसती. फाटलेल्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. भांड्यांना राख, अंगाला शिकेकाई, जमिनीला शेण, जेवायला पळसाच्या पानांची पत्रावळ, पावसात डोक्यावर इरले. भाताचा पेंढा जनावरांना, जनावरांचे शेण खाचराला, खाचराचा भात पुन्हा घरात. लावणीच्या दिवसांत इर्जिक घालून एकमेकांची कामे उरकत. आज ज्याला शाश्वत जीवनशैली असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती तिच्या हातापायांत मुरलेली होती.

परंतु हेच मी एकदा कौतुकाने आजीला म्हणाले तेव्हा ती हसली. म्हणाली, "आगं, साधं ऱ्हायचं आसं कुनी ठरावलं व्हतं? व्हतंच काय घरात? आन् पानी काय आपसूक येत व्हतं का? ह्या डोक्यावरनं आलंया." असे म्हणून तिने पदर बाजूला सारून डोक्याच्या मधोमध विरळ झालेले केस मला दाखवले.

आजीच्या या उत्तरात माझ्या मते संपूर्ण विषयाचे सार आहे. साधेपणा दोन प्रकारचा असतो. एक अभावातून आलेला आणि दुसरा निवडलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही घरांत भांडी मोजकीच असतात, कपडे मोजकेच असतात. परंतु एका घरातल्या माणसाला दुसरा मार्गच नसतो, आणि दुसऱ्या घरातल्या माणसाने मार्ग असूनही थांबायचे ठरवलेले असते. पहिल्याचे कौतुक करणे ही मला एक प्रकारची क्रूरता वाटते. ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चुरचुरत, खोकत, भाकऱ्या थापणाऱ्या बाईला 'तू किती पर्यावरणस्नेही आहेस' असे सांगण्यात काय अर्थ आहे? त्या धुराने छातीचे विकार जडतात हे आज सर्वांना ठाऊक आहे. चुलीसाठी मोळी आणायला डोंगर चढावा लागतो आणि त्या डोंगरावरचे झाडही त्याने कमी होते. म्हणजे जुन्या जगण्यातले सगळेच निसर्गाच्या हिताचे होते असेही नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजताना झाडांच्या फांद्या छाटून जाळल्या जातात, हे आम्ही मावळे जाणतो.

यापुढची पायरी अधिक नाजूक आहे. निवडलेल्या साधेपणातही एक गोम असते. निवड एकाची आणि भार दुसऱ्याचा, असे अनेकदा घडते. आपल्या शेजारच्या देहूचेच उदाहरण घ्या. तुकाराम महाराजांनी सावकारीची आपल्या वाट्याची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. एवढ्या मोठ्या त्यागापुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे. परंतु त्याच परंपरेत भाकरीची टोपली घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढणारी, नवऱ्याला शोधणारी, विठ्ठलाशी भांडणारी आवलीही आहे. कीर्तनकारांनी तिला वर्षानुवर्षे कजाग ठरवून श्रोत्यांना हसवले. पण घरात पोरे उपाशी असताना चूल कशी पेटवायची, हा तिचा प्रश्न कजागपणाचा होता काय? कागदपत्रे नदीत गेली तेव्हा तिला कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. रेव्हरंड टिळकांची दानशूर, निरिच्छ वृत्ती आणि त्यापायी संसार सांभाळताना लक्ष्मीबाईंची झालेली तारांबळ त्या पुस्तकात जागोजाग दिसते. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात हा त्यांचा मोठेपणा. परंतु हसणे बाजूला ठेवून वाचले तर एक गोष्ट स्वच्छ कळते. घरातला पैसा कमी झाला की घरातले काम वाढते, आणि वाढलेले काम आपोआप एकाच व्यक्तीकडे वाहत जाते. पाणी जसे उताराकडे जाते, तसेच.

म्हणून मला गांधीजींच्या एकादश व्रतांची रचना फार महत्त्वाची वाटते. त्या अकरा व्रतांत असंग्रह आहे आणि शरीरश्रमही आहे. ही दोन व्रते एकाच मालिकेत गुंफण्यामागे मला एक अर्थ दिसतो. वस्तूंचा साठा सोडायचा असेल तर त्या वस्तू जे काम करीत होत्या ते स्वतःच्या हाताने करण्याची तयारी हवी. कपडे धुण्याचे यंत्र घरात नको, असे म्हणण्याचा अधिकार जो कपडे धुतो त्यालाच आहे. नोकरीवरून येऊन आरामखुर्चीत बसलेल्या गृहस्थाने यंत्रसंस्कृतीवर टीका करीत राहावी आणि मोरीत त्याची पत्नी चादरी आपटीत असावी, याला अपरिग्रह म्हणत नाहीत. ती केवळ सोय आहे.

या कसोटीला उतरलेली माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन हे त्यांपैकी एक. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्यालाही करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले. जे काम समाजाने एका जातीच्या डोक्यावर लादले होते, ते त्यांनी स्वतःच्या हाती मागितले. पुढे 1948 साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम स्थापन केला आणि तेथे कमी खर्चाचा, मैल्याचे खत करणारा संडास प्रचारात आणला. यातले मर्म पाहावे. अप्पासाहेबांचा साधेपणा दुसऱ्याच्या डोक्यावरची पाटी उतरवणारा होता. खर्च कमी झाला, माती सुपीक झाली आणि माणसाची विटंबना थांबण्याचा मार्ग मोकळा झाला. तीन गोष्टी एकाच वेळी साधल्या. साध्या राहणीचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

अलीकडच्या काळातही अभियंत्याची नोकरी सोडून दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावी संसार थाटणाऱ्या दिलीप कुलकर्णी यांचे 'निसर्गायण' अनेकांच्या वाचनात आले असेल. मोजक्या गरजांत समाधानाने कसे राहता येते, हे त्यांनी आधी जगून मग लिहिले. तेथे निर्णय पती-पत्नी दोघांचा होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. घर साधे करायचे तर त्या निर्णयावर घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाची सही हवी.

आता आजच्या तिकोणा पेठेत आणि एकंदर मावळात काय चालले आहे ते पाहू. द्रुतगती महामार्ग झाला, पुणे-मुंबई जवळ आली आणि आमच्या खाचरांना सोन्याचा भाव आला. धरणाच्या काठी बंगले उठले, तंबू उभे राहिले. शनिवारी संध्याकाळी शहरातली कुटुंबे 'निसर्गाच्या सान्निध्यात साधेपणाने' दोन दिवस घालवायला येतात. या साधेपणाबरोबर ध्वनिक्षेपक येतो, शेकोटीसाठी लाकूड येते, पाण्याच्या बाटल्या येतात आणि रविवारी दुपारी त्या रिकाम्या होऊन गडाच्या वाटेवर पडतात. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर महाराष्ट्रात 2018 साली बंदी आली, पण बाटल्या आणि वेष्टणे यायची थांबली नाहीत. मात्र सारा दोष शहरावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. तंबू लावणारी मुले आमचीच आहेत आणि त्यांना त्यातून चार पैसे मिळतात. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांनी त्याच पाण्याच्या काठी पोट भरू नये, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे त्या पैशाच्या पुढच्या प्रवासाविषयी आहे.

जमीन विकून आलेला पैसा आमच्याकडे सर्वांत आधी मांडवात जातो. साखरपुडा एका लग्नाएवढा, हळद दुसऱ्या लग्नाएवढी आणि लग्न तर विचारूच नका. हजारोंच्या पंगती, चौकाचौकांत फलक, कर्णकर्कश वाद्ये, आणि सकाळी मांडवाच्या मागे प्लॅस्टिकच्या पेल्यांचा ढीग. 'ऋण काढून सण' ही म्हण आता मागे पडली. आता सात-बारा काढून सण होतो. शेजाऱ्याने केले म्हणून आपण करायचे, आणि आपण केले म्हणून ज्याच्याकडे विकायला जमीनही नाही त्याने कर्ज काढून करायचे. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, चिखल तुडवून केलेले खाचर एका हळदीच्या रात्रीत संपते. खाचर म्हणजे नुसती विकाऊ जागा नव्हे. ते पावसाचे पाणी अडवते, जिरवते, माती धरून ठेवते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन 1987 साली प्रसारित झालेल्या इंद्रायणी तांदळाने मावळचे नाव घरोघर नेले, ते या खाचरांच्या जोरावर. उद्या खाचरे गेली तर तो सुवास आपण पिशवीवरच्या चित्रात शोधणार आहोत काय?

येथे कोणी विचारील की मग करावे काय? चुलीकडे परत जावे काय? मुळीच नाही. घरातले कष्ट न वाढवता किंवा कमी करून जे साधता येईल तेच आधी करावे, असा माझा आग्रह आहे. आणि तसे पुष्कळ आहे.

पाण्यापासून आरंभ करू. आमच्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी डोंगरावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. आता साधे गणित करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. पाचशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छपरावर 92 हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज पन्नास लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना सहा हजार लिटर लागतात. म्हणजे छपरावर पडणाऱ्या पाण्याचा पंधरावा हिस्सासुद्धा नाही. एक पन्हळ, एक गाळणी आणि एक झाकलेली टाकी एवढेच त्यासाठी हवे. हे ज्ञान परदेशातून आणावयाचे नाही. तिकोण्यावर खडकात खोदलेली टाकी आजही आहेत. गडावर विहीर खणून भागत नाही हे ज्यांना कळले होते, त्यांनी आकाशातले पाणी दगडात साठवले. आम्ही त्या टाक्यांत डोकावून छायाचित्रे काढतो, आणि खाली येऊन हंडा उचलतो.

दुसरी गोष्ट इंधनाची. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. हे फार चांगले झाले. परंतु सिलिंडर संपला आणि हाती पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. तेव्हा गॅस पुरवून वापरणे हा धूर टाळण्याचाच मार्ग आहे. भात किंवा आमटीला एक कढ आला की पातेले झाकण घालून पेंढ्याने भरलेल्या खोक्यात ठेवावे आणि वरून जुनी गोधडी दाबून बसवावी. आतल्या उष्णतेवर भात आपोआप शिजतो. गॅस वाचतो, करपत नाही आणि शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही. भातशेती करणाऱ्याच्या घरी पेंढ्याला काय तोटा? गोठ्यात चार-पाच जनावरे असतील तर रोजच्या सुमारे पन्नास किलो शेणावर दोन घनमीटरचा गोबर गॅस चालतो आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. जनावरे नसतील तर पुण्याच्या 'आरती' या संस्थेने खरकट्यावर चालणारा छोटा संच तयार केलेला आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली स्थापन केलेल्या या संस्थेला त्यासाठी 2006 साली अ‍ॅश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या सर्व युक्त्यांत एक समान सूत्र आहे. निसर्गावरचा भार कमी होतो आणि बाईच्या अंगावरचाही.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. जेथे साधेपणाने काम वाढणारच असेल तेथे ते वाटून घ्यावे. पत्रावळ्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटल्यांऐवजी स्टीलची ताटे वापरायची तर ती घासावी लागतात. मग ज्याने जेवले त्याने आपले ताट घासावे. कापडी पिशवी घेऊन बाजाराला जायचे तर घरातल्या मुलग्यानेही जावे. ओला-सुका कचरा वेगळा करायचा तर तो नियम घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापासून लागू व्हावा. साध्या राहणीचा कार्यक्रम ज्या घरात सुनेपासून सुरू होतो, तो कार्यक्रम फार दिवस टिकत नाही, आणि टिकूही नये.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की एका घराने चार बादल्या वाचवल्याने काय होणार? कारखाने, महामार्ग, गृहसंकुले यांच्यापुढे आमची पेंढ्याची खोकी म्हणजे समुद्रातला थेंब. या आक्षेपात तथ्य आहे. घरगुती काटकसर ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. कोणाला किती पाणी, हा प्रश्न तेथे रक्ताने लिहिला गेला. तो कोणाच्या घरातल्या गळक्या नळाला चकती बसवून सुटणार नव्हता. त्याही आधी, आमच्या डोंगरापलीकडच्या मुळशीत 1921 साली सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले होतेच. परंतु याच घटना दुसरी बाजूही दाखवतात. शहराची आणि आमची मागणी वाढतच राहणार असेल, तर प्रत्येक पिढीत एक नवे खोरे बुडवावे लागेल. मागणीला कोठे तरी 'पुरे' म्हणावे लागते आणि ते म्हणण्याची सवय घरातच लागते. ज्याने घरात कधी 'पुरे' म्हटले नाही, तो सभेत ते कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना आत्ता कोठे दोन सुखाचे दिवस दिसू लागले आहेत, त्यांना साधेपणाचा उपदेश करणे हा अन्याय नव्हे काय? होय, आहे. ज्या बाईने आयुष्यभर हंडा वाहिला तिच्या दारात नळ आला, तर तिला पाणी जपून वापरण्याचे व्याख्यान देण्याचा अधिकार तरणतलाव बांधणाऱ्याला नाही. साधेपणाचा क्रम वरून खाली असावा. ज्याच्या दारात दोन मोटारी आहेत त्याने आधी एक कमी करावी, ज्याचा मांडव सर्वांत मोठा त्याने आधी तो आवरावा. गावात प्रतिष्ठितांनी साधी लग्ने केली की गरिबाला साधे लग्न करताना मान खाली घालावी लागत नाही. हाच साधेपणाचा खरा सामाजिक उपयोग आहे. श्रीमंताचा संयम हा गरिबाचा आधार होतो.

आणि आपले काय? आपण विद्यार्थी आहोत, अजून आपले संसार सुरू व्हायचे आहेत, हीच आपली जमेची बाजू. कुमारप्पांनी 1945 साली 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' लिहून टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, शूमाकरने 1973 साली 'स्मॉल इज ब्यूटिफुल' लिहिले. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ही नावे वहीत उतरून घेतो. ती वहीतून बाहेर यावीत यासाठी मी काही लहान सूचना करते. यंदाच्या स्नेहसंमेलनात फ्लेक्सचा एकही फलक नसावा. कापडावर रंगाने लिहिणारे हात आपल्या महाविद्यालयात भरपूर आहेत. त्या दिवशीचे जेवण स्टीलच्या ताटांत व्हावे आणि ताटे मुलांनी घासावीत. विद्यार्थिनी नेहमी वाढतात, यंदा त्यांनी आधी जेवावे. प्राध्यापकवर्गाने या पंगतीत आपले ताट आपण विसळले तर तो वर्षातला सर्वांत चांगला तास होईल असे मला नम्रपणे वाटते.

शेवटची सूचना थोडी धाडसाची आहे. आपल्यापैकी बहुतेकांची लग्ने येत्या काही वर्षांत होतील. जमीन विकून किंवा कर्ज काढून आमचे लग्न करू नका, असे घरी आत्ताच सांगून ठेवावे. मुलींनी सांगावेच, पण मुलग्यांनी आधी सांगावे. कारण मांडवाचा आकार ठरवताना वरपक्षाचा शब्द अजूनही जड असतो, हे आपण सारे जाणतो. मी माझ्या घरी हे सांगितले आहे. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" आजी मात्र लगेच म्हणाली, "म्हनू द्या की. खाचार ऱ्हाईल."

तिच्या डोक्यावरचा हंडा उतरला, याचा मला आनंद आहे. तो माझ्या आईच्या किंवा माझ्या डोक्यावर पुन्हा चढू नये, आणि तरीही आमचे खाचर, आमची नदी आणि आमचा डोंगर शिल्लक राहावा. साध्या राहणीची माझी व्याख्या एवढीच आहे.